उपनगरच्या टॉवरवरचा ढोल देवळालीकडे का बघतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या उपनगर नावाच्या भागात तुमच्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. गेल्या महिन्यात दोन रात्री तिथे माणसं चढून काम करत होती. सकाळी बघता तर जुन्या लांबट पट्ट्यांशेजारी जाड, चौकोनी पेट्या आलेल्या, आणि एक पांढरा गोल ढोल थेट देवळाली कॅम्पच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, दिशेने रोखलेला. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला की लष्करी भागाजवळच्या टॉवरांवर पाळतीची यंत्रं बसवताहेत, नव्या पेट्यांना भिंतीपलीकडचं दिसतं आणि वेळ आली तर त्या शस्त्र म्हणूनही वापरता येतात. आईंनी गॅलरीत बसणं सोडलंय. यात खरं किती आणि तक्रार कुठे करायची, हे तुम्हाला हवंय.

मी नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत एकोणीस वर्षं टॉवरची कामं करतोय. सुरुवात खांबावर केबल चढवण्यापासून केली, आता रेडिओ प्लॅनिंग बघतो. तुमची भीती मी झटकून टाकणार नाही. तिच्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. त्या गच्चीवर काय बसवलंय, हा पहिला. त्याचं उत्तर मी बऱ्यापैकी ठामपणे देऊ शकतो. माझ्याबद्दल कोणाला काय कळू शकतं आणि कोणाच्या परवानगीने, हा दुसरा. काळजी करण्यासारखा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर गच्चीवर मिळत नाही.

आधी ढोल. तो मायक्रोवेव्हचा आहे. टॉवरवर गोळा झालेले कॉल आणि डेटा पुढे कुठेतरी पोचवावे लागतात. जिथे फायबर आलेलं नाही किंवा रस्ता खोदायची परवानगी अडकली आहे, तिथे दोन टॉवर समोरासमोर ढोल लावून जोडतात. आम्ही त्याला हॉप म्हणतो. याचा किरण इतका अरुंद असतो की ढोल बोटभर हलला तरी लिंक पडते. वादळानंतर निम्मी रात्र आम्ही हेच सरळ करत बसतो. उपनगरहून देवळालीच्या दिशेला विहितगाव आहे, लॅम रोड आहे, देवळालीगाव आहे. या सगळ्या वस्तीला मोबाइल लागतोच, तेव्हा त्या रेषेत दोन-चार किलोमीटरवर तुमच्या ढोलाकडे तोंड केलेला तेवढाच दुसरा ढोल सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. स्वच्छ सकाळी तुमच्या गच्चीवरून दुर्बिणीने बघा. एका ढोलाला जोडीदार असतोच. 

चौकोनी पेट्या ५जीच्या. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी वेगळे पॅनल लागतात. जुन्या पट्टीत अँटेना वर आणि रेडिओ खाली वेगळा असायचा. नव्या पेटीत दोन्ही एकत्र, म्हणून ती जाड दिसते. मागे पंख्यासारख्या धातूच्या पात्या असतात, त्या उष्णता बाहेर टाकायला. आत बहुधा ३२ किंवा ६४ छोटे ट्रान्समीटर-रिसीव्हर असतात. त्यांच्या जोरावर किरण एका फोनकडे वळवता येतो. भिंतीपलीकडचं दिसतं ही अफवा बहुतेक इथूनच निघाली असावी. पॅनलला फोन कोणत्या दिशेला आहे ते कळतं, कारण फोन स्वतः त्याच्याशी बोलत असतो. माणूस, खाट, कपाट यांचं चित्र त्याला मिळत नाही.

आणखी एक वस्तू लोक फोटोत लाल वर्तुळ करून पाठवतात: छोटी पांढरी, कुत्र्याच्या छत्रीसारखी टोपी. ती जीपीएसची अँटेना. ५जीला शेजारच्या टॉवरांशी सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतकं वेळेचं गणित जुळवावं लागतं. ही टोपी उपग्रहाकडून वेळ घेते, तुमच्याकडे बघत नाही. टॉवरच्या पायथ्याशी कॅमेरा असेल तर तो मात्र खराखुरा कॅमेरा आहे. बॅटऱ्या, डिझेल आणि अलीकडे रेडिओ युनिटसुद्धा चोरीला जातात, म्हणून तो लावतात. त्याचं तोंड तुमच्या गॅलरीकडे असेल तर ते फिरवून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी द्या.

रात्री काम का? चालू टॉवरवर जोडणी बदलायची तर तो काही वेळ बंद ठेवावा लागतो. रात्री बारा ते पाच या वेळात वापर सगळ्यात कमी असतो, म्हणून परवानगी तेव्हाचीच मिळते. अंधारात डोक्याला दिवा लावून चढणारी पोरं बघून शंका येते, हे मी समजू शकतो. त्यांच्या जागी मी होतो. २०२१ च्या मे महिन्यात निफाड तालुक्यातल्या एका गावात आमची गाडी लोकांनी अडवली होती. ५जीच्या चाचणीमुळे कोरोना पसरतोय असे मेसेज तेव्हा जोरात होते, आणि त्याच महिन्यात दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला होता की देशात कुठेही ५जीची चाचणी सुरूच झालेली नाही. आम्ही आलो होतो जळालेली ४जीची केबल बदलायला. दोन तास कोणी वर चढू दिलं नाही. त्या काळात गावातल्या कोणालाही रुग्णवाहिकेला फोन लावायचा तर दीड किलोमीटर चालून हायवेवर यावं लागत होतं. शेवटी मी केबलचा जळका तुकडा सरपंचांच्या हातात दिला. काळं पडलेलं तांबं, आत पाणी शिरलेलं. ते बघून लोक बाजूला झाले. तेव्हापासून मी समजावत बसण्यापेक्षा वस्तू दाखवतो.

आता शस्त्राचं. रेडिओ लहरींचं शस्त्र ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकी सैन्याकडे ॲक्टिव्ह डिनायल सिस्टिम नावाचं यंत्र आहे. ९५ गिगाहर्ट्झवर सुमारे १०० किलोवॅटचा किरण गर्दीवर सोडला की कातडी भाजल्यासारखं होतं आणि माणसं पळतात. त्याला ट्रकवर मावेल एवढी मोठी ताटली आणि स्वतःचं वीजघर लागतं. तुमच्या समोरच्या ५जी पॅनलची ताकद साधारण दोनशे-तीनशे वॅटची, आणि लहरींची जात वेगळी. शेकडो पटींचा फरक आहे. एका सॉफ्टवेअर अपडेटने तो भरून निघत नाही. खालच्या कपाटात तेवढी वीज पुरवणारी तारच नसते.

तरी आईंसाठी आकडा देतो. जुन्या ४० वॅटच्या पट्टीसमोर, अगदी किरणाच्या मधोमध, ५० मीटरवर उभं राहिलं तर दर चौरस मीटरला सुमारे ०.०६ वॅट पडतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली होती: ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट आणि २००० च्या वर १ वॅट. दुपारचं ऊन हजाराच्या आसपास असतं. ५जीचा किरण वळत राहतो, त्यामुळे त्याचं गणित इतकं सरळ नाही. तिथे मोजमापच घ्यावं लागतं. तुमचा मजला नेमका पॅनलच्या उंचीवर आणि वीस-तीस मीटरच्या आत असेल, तर जरूर घ्यायला लावा. टॉवरच्या थेट खाली राहणाऱ्यांपेक्षा समोर त्याच उंचीवर राहणाऱ्यांचा प्रश्न आधी बघायचा असतो.

लष्कराकडे येतो. नाशिकमध्ये ही शंका येणं अगदी स्वाभाविक आहे. देवळालीला तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण केंद्र, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि हवाई दलाचा तळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. पण माझा अनुभव असा, की लष्करी हद्दीजवळ आमचं काम वाढत नाही, अडतं. टॉवरच्या जागेला रेडिओ वारंवारिता वाटपाच्या स्थायी सल्लागार समितीची, म्हणजे सॅक्फाची, मंजुरी लागते. त्यात संरक्षण आणि विमान वाहतूक या दोन्ही बाजू उंची आणि जागा बघतात. गांधीनगरच्या बाजूला खांबाची उंची कमी करायला लागलेल्या फायली मी स्वतः हाताळल्यात. लष्कराचं दळणवळण वेगळं आहे. त्यांचं ॲस्कॉन नावाचं स्वतःचं जाळं आहे, आणि लष्कराने मोबाइल कंपन्यांसाठी लहरी मोकळ्या केल्या त्या बदल्यात सरकारने त्यांना स्वतंत्र फायबरचं जाळं द्यायचं ठरवलं. स्वतःच्या गुप्त गोष्टी भाड्याच्या गच्चीवर, जिथे सोसायटीचा वॉचमन किल्ली ठेवतो, तिथे कोणतंही सैन्य ठेवणार नाही. सैन्याला मोबाइलची भीतीच जास्त वाटते. १ जानेवारी २०२३ ला युक्रेनमधल्या माकिइव्कात रशियन सैनिकांच्या मुक्कामावर क्षेपणास्त्रं पडली, तेव्हा सैनिकांनी बंदी असून फोन वापरल्यामुळे ठिकाण कळलं, असं रशियाच्याच संरक्षण मंत्रालयाने सांगितलं.

म्हणजे टॉवरला कधीच दुसरा उपयोग नसतो, असं मी म्हणत नाही. टॉवरच्या लहरी विमानावर आपटून परत येतात, त्या दुसऱ्याच ठिकाणी बसून पकडायच्या आणि विमान शोधायचं, यावर ब्रिटनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला सेलडार नावाचा प्रकल्प झाला. यात टॉवरवर काहीच बसवावं लागत नाही. आणि पुढच्या ६जीच्या आराखड्यात संवाद आणि संवेदन एकत्र करणं हा एक उपयोग आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये उघडपणे नोंदवलाय. नेटवर्कच रडारसारखं वस्तूंची जागा आणि हालचाल ओळखेल, असा तो विचार आहे. तेव्हा पॅनलला दिसतं का, हा प्रश्न दहा वर्षांनी वेगळा असू शकतो. त्याचे नियम आत्ताच मागायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

आता मूळ मुद्दा. टॉवरमध्ये काही लपवायची गरजच नाही, कारण तो त्याच्या रोजच्या कामातच तुमची जागा नोंदवतो. कॉल तुमच्यापर्यंत पोचवायचा तर तुम्ही कुठे आहात ते नेटवर्कला माहीत हवं. टॉवरचे साधारण तीन सेक्टर असतात, प्रत्येकी १२० अंशांचे. तुम्ही कोणत्या सेक्टरमध्ये आहात, हे कळतं. शिवाय सिग्नल जायला-यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं: २जीमध्ये साधारण ५५० मीटरच्या टप्प्यांत, ४जीमध्ये ७८ मीटरच्या. आमच्या कामात हे रोज लागतं. एखाद्या सेक्टरचा सिग्नल गरजेपेक्षा लांब जातोय का, हे बघूनच आम्ही अँटेना खाली झुकवतो. पण तीच माहिती तपासाच्या टेबलावर गेली की तिचा अर्थ बदलतो.

कॉलची जी नोंद राहते, ती सीडीआर. त्यात बोलणं नसतं. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ, कोणत्या हँडसेटवरून आणि कोणत्या सेलखालून, म्हणजे टॉवरच्या कोणत्या सेक्टरखालून, एवढंच असतं. पण सहा महिन्यांचा सीडीआर ओळीने लावला तर माणूस कुठे झोपतो, कुठे कामाला जातो, कोणत्या डॉक्टरकडे जातो हे सगळं दिसतं. या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायची अट डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइल कंपन्यांच्या परवान्यात आली. त्याआधी ती एक वर्षाची होती. गुन्हा घडला की पोलीस त्या वेळी त्या टॉवरखाली असलेल्या सगळ्या नंबरांची यादीही मागवतात. तिला टॉवर डम्प म्हणतात. अशा यादीत गुन्हेगार एक आणि रस्त्याने जाणारे हजारो असतात. ही मागणी माझ्यासारख्या साइटवरच्या माणसाकडे येत नाही. ती कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जाते. एकोणीस वर्षांत मला एकाही टॉवरवर ऐकण्यासाठी म्हणून काही बसवायला सांगितलेलं नाही, आणि त्याचं कारण हेच: ते तिथे लागतच नाही.

बोलणं ऐकायचं असेल तर त्याची प्रत स्विचमध्ये, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या मध्यवर्ती यंत्रात, नेटवर्कच्या गाभ्यात निघते. ही सोय कायद्यानेच ठेवावी लागते. आदेश केंद्रीय किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लागतो. तो ६० दिवस चालतो आणि वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. पूर्वी हे १८८५ च्या तार कायद्याखाली होतं, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम आहेत. २०१३ मध्ये माहिती अधिकारात केंद्रीय गृह मंत्रालयाने दिलेल्या उत्तरात महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश निघत असल्याचं म्हटलं होतं. त्यांचा फेरविचार करणारी समिती अधिकाऱ्यांचीच असते, न्यायाधीश त्यात नसतो. मला खटकतं ते हे, गच्चीवरचा ढोल नाही.

गाभ्यातली ही सोय चुकीच्या हाती गेली तर काय होतं, याचं उदाहरण ग्रीसचं. २००४-०५ मध्ये तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या स्विचमध्ये कोणीतरी गुपचूप सॉफ्टवेअर घुसवलं आणि पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन काही महिने ऐकले. स्विचमधली अधिकृत तपासासाठी ठेवलेली सोयच त्यासाठी वापरली होती. एकाही टॉवरला हात लावावा लागला नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या अशाच यंत्रणांपर्यंत परदेशी हॅकर पोचल्याचं उघड झालं. आणि आपल्याकडे २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली. त्या प्रकरणात कोणतंही लष्करी यंत्र नव्हतं. नोंदीपर्यंत पोचणारा एक माणूस आणि पैसे देणारा दुसरा, एवढं पुरलं.

टॉवरचं सोंग घेणारं एक यंत्र मात्र खरंच असतं. त्याला आयएमएसआय कॅचर म्हणतात, ते आसपासच्या फोनची ओळख पकडतं. २जीमध्ये फोन स्वतःची ओळख देतो, पण टॉवरची ओळख तपासत नाही. या उणिवेवर ते चालतं. ४जीत दोघंही एकमेकांना तपासतात, म्हणून हे यंत्र फोनला २जीवर ढकलायला बघतं. ते सुटकेसएवढं असतं, गाडीत मावतं, आणि काम झालं की निघून जातं. वर्षानुवर्षं सोसायटीला भाडं देऊन गच्चीवर उभं राहत नाही. यावर उपाय तुमच्या हातात आहे: बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सिम सेटिंगमध्ये २जी बंद करता येतं. तुमच्या कंपनीचं ४जी घरात नीट येत असेल तरच करा. त्र्यंबकच्या पलीकडे किंवा सुरगाण्याकडे जाणार असाल तर चालू ठेवा, तिथे कधी कधी तेवढाच आधार असतो.

एक गैरसमज जाता जाता. अमुक स्टार-हॅश कोड दाबला की फोन टॅप होतोय का ते कळतं, हे खोटं आहे. त्या कोडने फक्त कॉल फॉरवर्डिंग दिसतं. स्विचमध्ये निघालेली प्रत फोनला कधीच कळत नाही. तसंच २०२३ च्या पावसाळ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, तेव्हा मला वीसेक जणांनी विचारलं की आपल्यावर नजर आहे का. तो आपत्तीच्या इशाऱ्याचा चाचणी संदेश होता. टॉवर तो सगळीकडे सोडून देतो, कोणी घेतला याची नोंद त्याच्याकडे राहत नाही.

आता करायचं काय. टॉवरच्या दारावर किंवा कपाटावर साइट आयडीचा फलक असतो. तो लिहून घ्या. सोसायटीकडे भाडेकरार मागा, त्यात कंपनीचं नाव सापडेल. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर तुमच्या भागातला टॉवर शोधला की तो मर्यादेत आहे का ते दिसतं, आणि शुल्क भरून मोजणीही मागवता येते. मोजायला आलेल्या माणसाला तुमच्या गॅलरीत उभं राहून मोजायला सांगा, खाली रस्त्यावर नाही, आणि आईंना शेजारी उभं करा. मीटरवरचा आकडा त्यांनी स्वतः वाचला की मेसेजचा जोर ओसरतो. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही तपासा. अनोळखी सिम निघालं तर ते समोरच्या टॉवरपेक्षा मोठं संकट आहे. ज्या ॲपला जागेची गरज नाही त्याची परवानगी काढा, कारण ॲपला तुमची जागा टॉवरपेक्षा कितीतरी नेमकी कळते.

सिंहस्थ तोंडावर आहे. तपोवन, साधुग्राम, त्र्यंबक या भागांत गाडीवर बसवलेले तात्पुरते टॉवर उभे राहतील, जसे २०१५ ला होते, आणि पुन्हा असेच मेसेज फिरतील. ते टॉवर गर्दीसाठीच असतील. पण कुठेही मोबाइलच्या नोंदींवरून गर्दी मोजली जात असेल, तर त्या नोंदी नंबर काढून वापरतात की नंबरासकट, आणि मेळा संपल्यावर पुसतात का, हे माहिती अधिकारात विचारण्याजोगं आहे. तुम्ही विचारणार असाल तर अर्जाचा मसुदा करायला मी मदत करेन.

मी तुमची साइट प्रत्यक्ष पाहिलेली नाही. वर लिहिलंय ते तुमच्या वर्णनावरून आणि अशा शेकडो गच्च्या बघून. ढोलाचा मागच्या बाजूने घेतलेला फोटो आणि साइट आयडी पाठवलात, तर तो कोणत्या बाजूला जोडलाय आणि पेट्या कोणत्या पट्ट्यातल्या आहेत, ते दोन दिवसांत सांगतो.